सावलीचा मान

इंद्रायणीकांठच्या चिखली गांवापासून तुकोबांचें देहू जवळच आहे. तेथून आषाढी वारीस निघणाऱ्या पालखीबरोबर छत्र व अबदागिऱ्या चालतात. आज त्या शोभेच्या वाटतात. परंतु मूळ उपयोग त्यांच्या नांवांतच सांगितला आहे. फारशींत ‘आफ्ताब’ म्हणजे सूर्य. ‘आफ्ताबगीर’ म्हणजे ऊन अडविणारी. त्याचेंच मराठींत ‘अबदागीर’ झालें.

मराठेशाहींत सावली हा एक मानच होता. १६७४ सालीं रायगडावर शिवाजीमहाराजांनीं मस्तकीं छत्र धरविलें, तें सार्वभौमत्वाचें चिन्ह म्हणून. पुढें मोठ्या सरदारांस पालखी व अबदागीर यांचा मान सरकारांतून मिळूं लागला.

मग दिवसभर उन्हांत राबणाऱ्या कुणब्याची सावली कोणती? ती त्यानें अंगावरच वागविली. डोक्यास अनेक वेढ्यांचें पागोटें, खांद्यावर घोंगडी. आणि शेतकरणीचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. यांत चालरीत होती, तसें शहाणपणही होतें.

त्या शहाणपणाचें कारण शास्त्रास पुढें उमगलें. १८०१ सालीं रिटर या जर्मन शास्त्रज्ञास जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांचा शोध लागला. १८२० च्या सुमारास लंडनचे शस्त्रवैद्य सर एव्हरार्ड होम यांनीं आपला एक हात उघडा व दुसरा काळ्या कापडाखालीं ठेवून दोन्ही उन्हांत धरले. कापडाखालीं उष्णता अधिक होती. तरी भाजला तो उघडा हात! कातडी उन्हाच्या तापानें न भाजतां किरणांनीं भाजते, हें त्यावरून दिसलें. १८९४ सालीं हांबुर्गच्या डॉ. उन्ना यांनीं खलाशांच्या उघड्या कातडीवरील विकार व त्यांतून उद्भवणारा कर्करोग यांचें वर्णन केलें.

हिंदुस्थानांतील गोऱ्या अधिकाऱ्यांस भीति वाटे ती निराळीच. ऊन कवटी भेदून मेंदूस इजा करतें, या समजुतीनें ते भेंडाची टोपी घालीत. कांहीं जण पाठीच्या कण्यावरही जाड पट्टी बांधीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ती समजूत मागें पडली व टोपीही गेली.

सांवळ्या कातडीस निसर्गानें रंगद्रव्याचें छत्र दिलें आहे. पण तें अपुरें आहे. उन्हानें वांग वाढतो, सुरकुत्या लवकर पडतात, आणि डोळ्यांत मोतीबिंदु होण्यासही तें हातभार लावतें.

१९९७ सालीं चिखली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आली. शेतांच्या जागीं कारखाने व इमारती उभ्या राहिल्या. पागोटें गेलें, पदर मागें सरला. ऊन तेवढें तेंच राहिलें. सुखवस्तु घरांत त्यावर मलमें येतात. भर दुपारीं गच्चीवर स्लॅब ओतणाऱ्या मजुराच्या डोक्यास मात्र एखादा टॉवेल. लांब बाह्यांचें सुती कापड, रुंद कडेची टोपी, कामाच्या जागीं एक छप्पर आणि मध्यान्हीं चार घटका विसांवा, एवढ्यानें त्याचें पुष्कळ रक्षण होईल. जी सावली एके काळीं सरकारांतून मान म्हणून मिळे, ती आज घर बांधवून घेणारा कोणीही सहज देऊं शकतो.