चेऊलकर आडनांवाचा नट

आमच्या कुलाबा जिल्ह्यांत, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, आडनांवावरून माणसाचें मूळ गांव ओळखण्याची जुनी रीत आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर हीं आडनांवें ऐकतांच गांव डोळ्यांपुढें उभें राहतें. मी जित्याचा राहणारा. शिक्षकीच्या काळांत मीं मुलांना राजे शिकविले, लढाया शिकविल्या. परंतु या आडनांवांमागील इतिहास पुस्तकांत नव्हता, म्हणून माझ्याहि हातून तो शिकवावयाचा राहून गेला. त्या ऋणाची थोडी फेड आज करतों.

बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोंकणांतील यहुदी लोक. त्यांची परंपरा सांगते कीं, फार पूर्वीं अलिबागजवळ नवगांव येथें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचे वंशज येथें तेलाचे घाणे चालवूं लागले आणि मराठी हीच त्यांची मायबोली झाली. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. याच समाजांत १९०९ सालीं ठाण्यास डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांचा जन्म झाला. आडनांव मात्र रेवदंड्याशेजारच्या चौलचें, म्हणजे जुन्या चेऊलचें.

डेव्हिड मुंबईच्या विल्सन कॉलेजचे पदवीधर, कायदाहि शिकलेले. तथापि त्यांचा मार्ग निघाला तो बोलपटाकडे. १९३७ सालीं ‘झांबो’ या चित्रपटांत ते प्रथम दिसले. बांधा ठेंगणा, डोक्यास टक्कल. नायकाचें एकहि लक्षण अंगीं नाहीं. तरीहि पुढील चार दशकांत त्यांनीं शंभरांहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या. अशा नटास चरित्रनट म्हणतात. कथा दुसऱ्याची असते. ती खरी वाटावी, हें काम याचें.

याचें उत्तम उदाहरण १९५४ चा ‘बूट पॉलिश’. राज कपूर यांच्या संस्थेनें तो काढला. मुंबईच्या झोपडपट्टींतील दोन पोरक्या भावंडांस डेव्हिड यांचा जॉन चाचा सांगतो, भीक मागूं नका, कष्ट करा. हा जॉन चाचा स्वतः चोरटी दारू विकणारा आहे. तेथें एखादा निष्कलंक साधु उपदेश करता, तर प्रेक्षकांनीं जांभई दिली असती. परंतु जो स्वतः चिखलांत रुतला आहे, तो मुलांना कांठावर ढकलूं पाहतो, आणि म्हणून त्याचा शब्द काळजास भिडतो. या भूमिकेबद्दल १९५५ सालीं डेव्हिड यांस फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. सहायक नटास तें त्या वर्षीं प्रथमच दिलें जात होतें.

१९६९ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. वयाच्या सत्तरीस, १९७९ सालीं, ते ‘गोलमाल’ मध्यें केदारमामा झाले आणि ‘बातों बातों में’ मध्यें लग्न जुळविणारे टॉम अंकल. नायक बदलत गेले; कडेला उभा असलेला हा हंसतमुख वडीलधारा मात्र तोच राहिला.

पडद्यावर त्यांचें नांव केवळ ‘डेव्हिड’ असें येई. जॉन, टॉम, केदार अशीं किती तरी नांवें त्यांनीं धारण केलीं. चेऊलकर तेवढें प्रेक्षकांस अपरिचित राहिलें. त्यांच्या समाजाचेंहि कांहींसें असेंच झालें. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र जन्मास आल्यावर पुष्कळ घरें तिकडे गेलीं. डेव्हिड यांचा अंत कॅनडांत, टोरांटो येथें झाला.

परंतु गांव सोडलें, तरी गांवाचें नांव या मंडळींनीं टाकलें नाहीं. इतिहासांत नायक थोडे असतात; तो तोलून धरतात तीं कडेचीं माणसें. पुढें कधीं पडद्यावर तो ठेंगणा, टकला चाचा दिसला, तर शेजारच्या मुलास एवढें अवश्य सांगा: बाळ, हे चेऊलकर, आपल्या चौलचे.