चाकण परिसरातील उमेदवारी व शिक्षणाची नोंद

राजगुरुनगर हे खेड तालुक्याचे मुख्य ठिकाण. हुतात्मा राजगुरूंचे हे जन्मगाव. ज्या चाकणचे नाव पूर्वी कांद्याच्या बाजारपेठेकरिता घेतले जाई, ते ह्याच तालुक्यात मोडते. येथील तरुण आज कारखान्यात पाऊल टाकतो तो पुष्कळदा प्रशिक्षणार्थी म्हणून. त्यामुळे कारखान्यातील शिक्षण कसे पालटत गेले हा प्रश्न स्थानिक सामाजिक इतिहासाचाच भाग ठरतो. शिक्षण यंत्रावरून पडद्यावर गेले, असे ह्या बदलाचे वर्णन सर्रास करण्यात येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शिकलेल्या गोष्टीची नोंद कोणाच्या हाती राहते, ह्या बाबतीत घडलेला पालट आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

१८५० चा उमेदवारीविषयक कायदा मुख्यतः अनाथ व गरीब मुलांस धंदा शिकविण्यासाठी होता. १९६१ च्या कायद्याने उमेदवार घेण्याचे बंधन उद्योगांवर घातले. मात्र १८ व्या कलमाने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असेही ठरविले. पुढल्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९६६ पासून टेल्कोचा पुणे येथील विस्तार सुरू झाला. त्या काळचे शिक्षण मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून होई. लेथवरील कातणाचा आवाज, किसाचा रंग, व्हर्नियर धरण्याची पद्धत ह्या गोष्टी कागदावर उतरत नसत. कामगार कारखाना सोडून गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाई. मालकाची ती अडचण होती आणि कामगाराची तीच पुंजी होती.

संगणकनियंत्रित यंत्रे आल्यावर हाताने साधावयाचे माप आकड्यांच्या दुरुस्तीने साधू लागले. पुढे जपानी धर्तीवर कारखान्यांतून ‘डोजो’ नावाचे सरावकक्ष निघाले व भिंतीवर कौशल्याचे तक्ते लागले. कामगाराच्या नावापुढील वर्तुळाचे चार भाग तो शिकेल तसतसे भरले जात. तक्ता सर्वांच्या डोळ्यांसमोर असे, म्हणून चुकीच्या नोंदीबद्दल तेथल्या तेथे वादही घालता येई! २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ व फोक्सवॅगन यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, तेव्हा यंत्र, वीज व संगणक ह्या तिन्हींचे एकत्र ज्ञान असलेला तंत्रज्ञ हवा झाला. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तसा अभ्यासक्रम मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने आधीपासूनच चालू होता.

आता सूचना टॅबलेटवर दिसतात. वेल्डिंगचा पहिला सराव ठिणगीवाचून, आभासी साधनावर होऊ शकतो. पत्रा वाया जात नाही, हात भाजत नाही, आणि नवशिक्याला न लाजता दहा वेळा चुकता येते. हा लाभ लहान नव्हे. पण भिंतीवरील तक्ता जेथे संगणकात गेला, तेथे तो कामगाराच्या नजरेआडही गेला. २०१४ च्या दुरुस्तीने उमेदवारीच्या करारासाठी शासकीय संकेतस्थळाची तरतूद केली; तेथील प्रमाणपत्र उमेदवारास बरोबर नेता येते. कारखान्याच्या अंतर्गत प्रणालीतील नोंदीचे तसे नाही. कंत्राटावर एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाणारा मुलगा नव्या दारात पुन्हा नवशिका ठरतो, आणि नवशिक्याचे वेतनही त्याच्या वाट्याला येते.

अभ्यासकांपुढील अडचण ह्याच जातीची आहे. कागदी तक्ते रद्दीत जातात आणि प्रणाली बदलली की जुन्या नोंदी पुसल्या जाण्याचा संभव असतो. कामगारांनी घरी जपलेली प्रमाणपत्रे, उमेदवारीच्या वह्या व निवृत्त मिस्त्रींच्या आठवणी अद्याप मिळण्याजोग्या आहेत. राजगुरुनगर-चाकण भागातील विद्यार्थ्यांनी हे संकलन आपल्या घरापासून आरंभावे.