लंडनने सोडलेली तार मुंबईने धरली

परवा टॉवर चौकात चहा घेत होतो. सोबत एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माझा जुना मित्र. पेपरात विजेच्या बसगाड्यांची बातमी होती. तो म्हणाला, "काय जमाना आला पाय, आता बस बी करंटवर चालते." मी म्हटलं, "नवीन कायचं रे? मी १९७० सालीच करंटच्या बसमंधी बसेल हाओ." त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की याला ऊन लागलं की काय.

राजेहो, फेकत नाही. १९७० च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला घेऊन मुंबईला गेली होती. मामा गोदीत कामाला होता. अकोल्याहून रात्रीची गाडी पकडली, सकाळी मुंबई. दुसऱ्या दिवशी मामाने मला रस्त्यावर उभं केलं आणि वर बोट दाखवलं. रस्त्याच्या डोक्यावर तारा, आणि त्या तारांना दोन लांब दांड्या लावून येणारी बस. रूळ नाहीत, धूर नाही, आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. अकोल्यात मी पाहिलेली प्रत्येक बस सुरू होताना आधी थरथरायची, मग खोकायची. ही नुसतीच निघाली. मध्येच एका वळणावर दांडी तारेवरून निसटली, बस जागच्या जागी थांबली, एक माणूस खाली उतरला आणि लांब बांबूने दांडी पुन्हा तारेला लावून वर चढला. नऊ वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे?

ती ट्रॉलीबस. मुंबईत 'बेस्ट'ने ती ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू केली आणि २४ मार्च १९७१ ला बंद केली. जेमतेम पावणेनऊ वर्षं. म्हणजे मी बसलो तेव्हा तिचं शेवटचं वर्ष चालू होतं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रामला डोक्यावर एकच तार पुरते, कारण वीज रुळातून परत जाते. ट्रॉलीबसला रबरी टायर, रूळ नाही, म्हणून वीज यायला एक तार आणि जायला दुसरी. त्यामुळे दांड्या दोन. फायदा असा की रूळ टाकावे लागत नाहीत आणि समोर हातगाडी उभी असेल तर बस थोडी बाजूने काढता येते. तोटा असा की तार जिथे संपते तिथे बस संपते.

पण मला सांगायचंय ते या बसबद्दल कमी आणि ती बनवणाऱ्या कंपनीबद्दल जास्त. मुंबईच्या या बारा गाड्या ए.ई.सी.च्या. पूर्ण नाव असोसिएटेड इक्विपमेंट कंपनी. नाव ऐकून वाटतं पंपाचे नटबोल्ट विकत असतील. प्रत्यक्षात लंडनच्या बस म्हणजे ही कंपनी. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने १९१० मध्ये स्वतःच्या कारखान्यात 'बी टाइप' नावाची बस बनवली. ती इतकी चालली की १९१२ मध्ये कारखाना वेगळा करून ए.ई.सी. स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात लंडनच्या शेकडो बसगाड्या सैनिक वाहायला फ्रान्सच्या आघाडीवर गेल्या, त्या याच जातीच्या. पुढे १९२६-२७ च्या सुमारास कंपनी लंडनच्या पश्चिमेला साउथॉल इथे मोठ्या कारखान्यात गेली. निळा त्रिकोण ही तिची खूण.

१६ मे १९३१ ला लंडनमध्ये पहिली ट्रॉलीबस धावली. चेसिस ए.ई.सी.चे. त्यानंतर लंडनने भराभर ट्राम काढल्या आणि त्याच मार्गांवर ट्रॉलीबस टाकल्या. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत तिथे सतराशेच्या घरात ट्रॉलीबस झाल्या; जगात त्या काळी एवढा मोठा ताफा दुसरीकडे नव्हता. गाड्या पुरवणारे मुख्यतः दोघं, ए.ई.सी. आणि लेलँड. एकमेकांचे प्रतिस्पर्धी. युद्ध संपल्यावर मात्र दोघांनाही कळलं की हा बाजार दोन दुकानांना पुरणारा राहिलेला नाही. १९४६ मध्ये त्यांनी फक्त ट्रॉलीबसपुरती एक सामाईक कंपनी काढली, ब्रिटिश युनायटेड ट्रॅक्शन. दोन प्रतिस्पर्धी एकाच धंद्यासाठी एकत्र येतात तेव्हा समजावं की धंद्याला घरघर लागली.

का लागली? डिझेल स्वस्त झालं, शहरं पसरली आणि प्रत्येक नव्या वस्तीपर्यंत तारा ओढणं परवडेना, ही कारणं सगळे सांगतात. एक कारण कमी सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या कित्येक नगरपालिकांचं स्वतःचं वीजकेंद्र होतं. स्वतःच्या विजेवर स्वतःची ट्रॉलीबस चालवणं म्हणजे घरच्या ज्वारीची भाकर. १९४८ मध्ये तिथे वीजउद्योग राष्ट्रीय झाला आणि नगरपालिकेची बस दुसऱ्याच्या विजेची गिऱ्हाईक झाली.

१९५४ मध्ये लंडनने ट्रॉलीबस बंद करायचं ठरवलं. मग तिच्या जागी आणायला गाडी कोणती? आज लंडनच्या पोस्टकार्डावर जी लाल दुमजली बस दिसते ती, रूटमास्टर. ती खास ट्रॉलीबसची जागा घ्यायलाच तयार केली होती. आणि ती बनवली कुणी? ए.ई.सी.ने. ज्या कारखान्याने ट्रॉलीबस घडवली, त्यानेच तिला काढून टाकणारी गाडी घडवली. कंपनीला दोष देत नाही, गिऱ्हाईक मागेल ते ती बनवणार. युद्धानंतर घेतलेल्या चांगल्या ट्रॉलीबसपैकी १२५ गाड्या लंडनने १९६१ मध्ये स्पेनला विकून टाकल्या. आणि ८ मे १९६२ ला लंडनची शेवटची ट्रॉलीबस डेपोत गेली.

आता वरची तारीख पुन्हा पाहा. मुंबईची पहिली ट्रॉलीबस, ११ जून १९६२. मध्ये फक्त चौतीस दिवस.

हसू नका. मुंबईवाले मूर्ख होते असं म्हणायला सोपं आहे, पण त्यांचा हिशेब कागदावर चूक नव्हता. 'बेस्ट' १९४७ मध्ये महापालिकेकडे आली, आणि तिच्या नावातच वीज आणि वाहतूक दोन्ही आहेत. शहरात वीज वाटणारी तीच, बस चालवणारी तीच. ब्रिटनमध्ये १९४८ ला जो धागा तुटला तो मुंबईत शाबूत होता. शिवाय टाटांची जलविद्युत १९१५ पासून खोपोलीहून मुंबईला येत होती. घाटातल्या पावसावर बस चालणार, आणि परदेशातून तेल आणायला नको. परकीय चलनाची तेव्हा किती ओढाताण होती हे आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. ट्राम तर जाणारच होती. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. तिच्या जागी विजेवरचीच गाडी आणावी हा विचार माझ्या मते चांगलाच होता.

चूक झाली ती दुसरीकडे. गाडी पाहिली, वीज पाहिली, पण गाडी बनवणाऱ्याची तब्येत पाहिली नाही.

कारण त्याच १९६२ मध्ये ए.ई.सी. स्वतःच लेलँडमध्ये विलीन झाली. आणि हे लेलँड आपल्याकडे कोण? १९४८ ला मद्रासजवळ एन्नोरला सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये लेलँडचं भांडवल येऊन अशोक लेलँड झाली होती. जमशेदपूरला टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढायला सुरुवात केली होती. म्हणजे डिझेल बसचा क्लचप्लेट, गिअर, पंप, सगळं देशात बनायला लागलं होतं. ट्रॉलीबस मात्र भारतात कुणीच बनवत नव्हतं. बारा गाड्या, एक मार्ग, आणि परदेशातला कारखानदार अशा कंपनीच्या पोटात गेलेला, की जिचा भारतातला सगळा जीव डिझेलमध्ये. १९६८ ला तेही ब्रिटिश लेलँड नावाच्या आणखी मोठ्या ढिगात गेलं. १९७९ मध्ये साउथॉलचा कारखाना बंद पडला. खुद्द ब्रिटनमध्ये शेवटची ट्रॉलीबस ब्रॅडफर्डला २६ मार्च १९७२ ला थांबली, मुंबईनंतर वर्षभराने.

हे मित्राला सांगत होतो तर तो म्हणाला, "बारा गाड्यायले स्पेअर कोन ठेवते बाप्पा?" चाळीस वर्षं पाना हातात धरलेल्या माणसाने माझ्या अख्ख्या पोस्टचं सार एका वाक्यात सांगितलं.

तो पुढे म्हणाला, मग आपली शकुंतला कशी चालली? प्रश्न बरोबर आहे. मूर्तिजापूर-यवतमाळच्या त्या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. सत्तर वर्षं. बनवणारा सातासमुद्रापार, आणि तरीही. माझं उत्तर असं की वाफेचं इंजिन हे लोहाराच्या नात्यातलं यंत्र. भोक पडलं, पत्रा ठोका. दांडा झिजला, लेथवर नवा काढा. मूर्तिजापूरच्या शेडमधला मिस्त्री त्याला जिवंत ठेवू शकला. विजेच्या मोटारीचं आणि कंट्रोलरचं तसं नाही. तिथे नेमका तोच सुटा भाग लागतो, आणि तो बनवणारा असावा लागतो.

ट्रॉलीबस म्हणजे मुळातच वाईट, असंही नाही. काठमांडूत डिसेंबर १९७५ मध्ये चीनच्या मदतीने त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक अशी १३ किलोमीटरची सेवा सुरू झाली, ती रखडत-थांबत २००८ पर्यंत टिकली. चेक देशातली श्कोडा १९३६ पासून आजवर ट्रॉलीबस बनवते आहे, आणि तिथल्या शहरांत त्या रोज धावतात. कारखाना चालू राहिला, म्हणून बस चालू राहिली.

आता आपल्याकडे या. एसटीची पहिली विजेची बस, ई-शिवाई, १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर निघाली. बरोबर ७४ वर्षांपूर्वी एसटीची पहिली बस याच मार्गावर निघाली होती. नागपुरात १३२ आसनांची विजेची बस आणण्याची गोष्ट गडकरी साहेब जाहीरपणे बोलले आहेत. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांसाठी १०,००० विजेच्या बसची योजना मंजूर केली, तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत अकोला सव्वाचार लाखांचं, म्हणजे आपण त्या रांगेत बसतो. आणि गंमत पाहा, मुंबईत आज विजेवर धावणारी दुमजली बस बनवते स्विच मोबिलिटी, म्हणजे अशोक लेलँडचीच मुलगी. ज्या घराण्याच्या डिझेलने ट्रॉलीबसची जागा घेतली, त्याच घराण्याने साठ वर्षांनी मुंबईच्या बसला परत वीज दिली.

मी या बसच्या विरोधात नाही. उलट, अकोल्याच्या रस्त्यावर ती निघाली तर पहिल्या दिवशी पहिल्या सीटवर मी बसेन. पण शहरात बस येते तेव्हा आपण हार घालतो, नारळ फोडतो, एसी किती थंड ते पाहतो, आणि बॅटरी उतरली की ती कुणाच्या खर्चाने बदलणार हे विचारत नाही. एसटीने दापोडी, चिकलठाणा आणि आपल्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं स्वतःच्या बसची बॉडी स्वतः बांधली. चेसिस टाटाचा असो की लेलँडचा, गाडीचा नट कुठला हे आपल्या मिस्त्रीला माहीत होतं. आता नव्या पद्धतीत बस कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, दुरुस्ती कंपनीची, आणि आपण किलोमीटरमागे पैसे मोजणार. चालेल, हरकत नाही. पण करार किती वर्षांचा, कंपनी मध्येच दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली तर गाड्यांचं काय, आणि आयटीआयमधून निघालेल्या अकोल्याच्या पोराला त्या बसचं बॉनेट उघडायची परवानगी आहे की नाही, हे टेंडर निघायच्या आधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही. बारा गाड्या उभ्या राहिल्यावर मुंबईनेही विचारलंच असेल.

मामा आता नाही. त्या प्रवासाचं तिकीट मी बरीच वर्षं भूगोलाच्या वहीत ठेवलं होतं, घर बदलताना वही रद्दीत गेली. त्यामुळे मित्राला दाखवायला माझ्याकडे पुरावा काहीच नाही. तुमच्यापैकी कुणाचे वडील-आजोबा तेव्हा 'बेस्ट'मध्ये असतील, किंवा घरात त्या बसचा एखादा फोटो असेल, तर खाली टाका. त्याचा एक प्रश्नही आहे, अजून सुटलेला नाही: बारा गाड्यांमागे मिस्त्री किती होते, आणि ट्रॉलीबस गेल्यावर त्यांना कुठे लावलं?