जाते, फेर आणि यंत्र

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर बांधलेले धरण १९६८ साली पुरे झाले आणि त्यास जोडून साडेबावीस मेगावॅट शक्तीचे विद्युत्गृह उभे राहिले. पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात या गोष्टीस स्थान आहे. पण गाण्याच्या इतिहासातही ते असावयास हवे, असे आम्हास वाटते. खेड्यात वीज आली की तिच्यामागून पिठाची गिरणी येते, गिरणी आली की जाते थांबते, आणि जाते थांबले की पहाटेची ओवी मुकी होते. त्याच विजेवर आज घरातील पडदा उजळतो व त्यापुढे मुले गाण्याच्या तालावर हातपाय हलवितात. या संगीताच्या व्हिडिओ गेमांकडे वडील मंडळी कपाळास आठ्या घालून पाहतात. हा राग कितपत न्याय्य आहे, याचा विचार इतिहासाच्या आधाराने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे गाणे ही पूर्वी ऐकण्याची वस्तू नव्हती, करण्याची होती. संत जनाबाई ज्या गंगाखेडची, ते गाव याच जिल्ह्यातले. आणि तिचे नाव घेतले की जाते डोळ्यांपुढे येते, हा काही योगायोग नव्हे. जात्याचा खुंटा दोघींनी धरावा, एकीने ओवी उचलावी, दुसरीने ती पुरी करावी, ही रीत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील संशोधकांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी फिरून गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, तसाच सासरचा जाचही आहे. जे चारचौघांत बोलता येत नसे, ते गाता येत असे.

जात्यावर श्रम होता, फेरात खेळ होता. पंचमीचा झोका व फुगडी, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, पुण्याकडचा भोंडला, कोल्हापूरकडचा हादगा, मंगळागौरीचे जागरण : नावे निराळी, मर्म एकच. फेरात उभी राहिली ती गाणार. गळा गोड आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे. शेवटी खिरापत ओळखण्याची चढाओढ लागे. डबा हलवून, वास घेऊन, तर्क लढवून मुली पदार्थाचे नाव सांगत, आणि जिंकणारी व हरणारी दोघीही तीच खिरापत खात. खेळातील स्पर्धा किती असावी, याचे इतके शहाणे माप आम्हास दुसरीकडे क्वचितच आढळले.

परंतु जुन्याचे गुण गाताना त्याचे व्यंग झाकणे हे इतिहासाचे काम नव्हे. मंगळागौरीत मान होता तो सुवासिनीचा. घरातील विधवा बाई स्वयंपाकघरात राबे आणि माजघरातून येणारी गाणी ऐके. तीच गाणी तिने नववधू असताना म्हटलेली असत. फेर सर्वांना जवळ घेतो, असे आपण म्हणतो. पण काहींना तो दाराबाहेरही ठेवीत असे.

पुढे यंत्र आले. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. १९२७ साली मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झाले. थोर गवयांचा आवाज त्यामुळे सामान्य घरात पोहोचला, हा लाभ लहान नव्हे. तथापि त्याची किंमतही पडली. जो तो श्रोता झाला, आणि उत्तम गाणे कानी पडू लागताच आपले ओबडधोबड गाणे म्हणावयाची लाज वाटू लागली.

ही लाज मोडण्याचे कामही पुढे यंत्रानेच केले, ही मौजेची गोष्ट होय. १९७१ साली जपानात कोबे शहरी दाइसुके इनोऊए या वादकाने, नुसती साथ वाजेल व गाणे गिऱ्हाइकाने म्हणावे, असे यंत्र तयार केले, तेच कराओके. १९९८ साली पायांनी खेळावयाचा 'डान्स डान्स रेव्होल्यूशन', २००४ साली गळ्याचा 'सिंगस्टार', २००५ साली 'गिटार हीरो', २००७ साली 'रॉक बँड' व २००९ साली 'जस्ट डान्स' असे खेळ निघाले. 'रॉक बँड'मध्ये चौघांनी मिळून वाद्यवृंद चालवावयाचा असतो. एकजण चुकत चुकत बाद झाला, तर सोबती आपण जमविलेल्या शक्तीतून त्यास पुन्हा उभा करू शकतो. फुगडीत तोल जाणाऱ्या मैत्रिणीचा हात घट्ट धरावा, त्यातलाच हा प्रकार. खेळण्यातल्या वाद्यांच्या महाग संचांनी बाजार भरून गेला आणि २०११ साली 'गिटार हीरो'च्या मालकांनी तो विभाग बंद केला. पण एकत्र गाण्याची व नाचण्याची हौस त्याबरोबर बंद झाली नाही. आपल्याकडची अंताक्षरी तर कोणत्याही यंत्रावाचून आगगाडीच्या डब्यात अजून रंगते.

तेव्हा या खेळांचे सामाजिक मोल कोणते? एक तर ते बेसूर माणसाची भीड मोडतात. दुसरे, आजोबा व नातू यांना एका पातळीवर आणतात; किंबहुना नातवास गुरू करितात. तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे, ते कोणाचे कुंकू पाहत नाहीत. ज्या बाईस माजघराने नाकारले, तिला पडदा नाकारीत नाही.

मात्र एक उणीव अशी आहे की, ती कितीही गुण मिळाले तरी भरून निघत नाही. यंत्रातले गाणे आधीच ठरलेले असते. खेळणाराने ते बरोबर म्हणावयाचे, आपले काही घालावयाचे नाही. ओवीत बाई स्वतःचा भाऊ, स्वतःचे गाव, स्वतःचे दुःख गुंफीत असे, आणि तिला गुण देणारे कोणी नव्हते. सोबतीने खुंट्याला लावलेला हात हीच तिची पावती.

जाते परत यावे, असे आम्ही म्हणत नाही. पहाटेची ती पिळवणूक ज्यांनी सोसली, त्यांना गिरणी हे वरदानच वाटले असेल. आमचे मागणे एवढेच की, सणाला घर भरले असता मुलांनी पडदा खुशाल लावावा, थोरांनीही त्यापुढे उभे राहावे. आणि खेळ संपला म्हणजे दिवा मालवण्यापूर्वी घरातील वृद्धेस, तिला आठवत असलेली एक ओवी म्हणावयास सांगावे. तिने पहिली ओळ उचलली, तर दुसरी पुरी करावयास कोणीतरी शेजारी असावे.