पातं टिकलं, मूठ सडली

आज वस्तऱ्याबद्दल बोलायचंय. सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात तो नव्हे. जुना, अख्ख्या पोलादी पात्याचा, मिटला की मुठीत शिरणारा.

१९व्या शतकात असे वस्तरे इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये आणि जर्मनीच्या झोलिंगनमध्ये ढिगानं बनायचे. पातं नीट ठेवलं तर शंभर वर्षं सहज टिकतं. मूठ मात्र बिचारी! बहुतेक मुठी शिंगाच्या असायच्या. शिंग तापवलं की मऊ पडतं, मग साच्यात दाबायचं. आपल्याकडच्या म्हशींची शिंगंही जहाजानं तिकडे जायची. श्रीमंत गिऱ्हाइकाला हस्तिदंत नाहीतर कासवाचं कवच.

मग १८७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यानं सेल्युलॉइड आणलं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हो, आपला आरतीचाच कापूर! स्वस्त, रंगीत, हुबेहूब हस्तिदंतासारखं. मुठीवाल्यांची चंगळ झाली.

पण हे सेल्युलॉइड म्हातारं झालं की आतून कुजतं आणि आम्लधर्मी वायू सोडतं. आता बघा, मिटलेलं पातं कुठे असतं? त्याच मुठीच्या पोटात! म्हणजे जिनं पातं सांभाळायचं, तीच त्याला गंज चढवते. शेजारी ठेवलेले वस्तरेही सुटत नाहीत. जुन्या सिनेमाची रिळं याच जातीच्या पदार्थाची. २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली, त्यात कितीतरी चित्रपट गेले.

म्हणून आजचे हौशी लोक अशा पात्यांना नवी लाकडी मूठ चढवतात. पूर्वी लाकूड कमी वापरायचे, कारण जेमतेम तीन मिलिमीटरची पट्टी रोज पाण्यात भिजली की वाकते. आता शिसवी, आबनूस असं घट्ट लाकूड घेतात, नाहीतर लाकडात रेझिन मुरवतात. जुन्या खिळ्याचं डोकं कानसून काढायचं. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून एकदमच भोकं पाडायची, म्हणजे ती जुळतात. मग पट्ट्या सोडवायच्या आणि शेपटाकडे त्यांच्यामध्ये पाचर बसवायची. ही पाचर एका बाजूला निमुळती हवी. तिच्यामुळे पट्ट्यांना हलका बाक येतो आणि पातं बरोबर मधोमध मिटतं. पाचर चुकली की धार लाकडावर घासलीच म्हणून समजा. शेवटी पितळी खिळ्याचं डोकं छोट्या हातोडीनं टकटक करत पसरवायचं. एक ठोका जास्त बसला की पट्टी तडकते, कमी बसला की पातं लुळं पडतं.

संग्राहकांचा यावर वाद आहे: मूळ मूठ काढली तर वस्तू अस्सल कशी राहील? माझं म्हणणं, पातं आधी वाचवा. कुजकी मूठ फेकू नका, तीही इतिहासच आहे. वेगळ्या, हवेशीर डबीत ठेवा, आगीपासून लांब. फक्त वस्तऱ्याच्या शेजारी नको.