बीडची आगगाडी आणि सरहद्दीची वाट

आपल्या भागातील जुन्या दळणवळणाविषयी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह दोन वर्षे चालला होता. ग्रंथ चाळून लेख सिद्ध करणे फारसे अवघड नव्हते. परंतु ज्या वाटेविषयी लिहावयाचे ती वाट एकदा डोळ्यांनी पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये, असे आम्हांस वाटत होते. यंदाच्या हिवाळ्यात तो योग आला. घरातील लहानथोर आठ माणसे पहाटेच्या अंधारात जीपगाडीत बसलो आणि बीडहून नगरकडे जाणाऱ्या नव्या लोहमार्गाच्या कडेकडेने, रस्ता असेल तेथे रस्त्याने व नसेल तेथे गाडीवाटेने, जिल्ह्याच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आलो. आमच्यासोबत ८४ वर्षांच्या आमच्या आत्याबाई होत्या. त्यांस या प्रांतातील एक जुनी वाट पुन्हा पाहावयाची होती. तिची हकीकत पुढे येईलच.

“आगगाडी सुरू झाली असता जीपगाडीचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?” असे कोणी सुज्ञ वाचक विचारतील. आगगाडीच्या खिडकीतून मुलूख दिसतो, परंतु मार्ग दिसत नाही. तो कोठे डोंगरास वळसा घालतो, कोणाच्या शेतातून जातो व कोणत्या गावाकडे पाठ फिरवितो, हे खाली उतरून पाहिल्याखेरीज समजत नाही.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली पुरा झाला आणि नगर शहरास आगगाडी आली. दक्षिणेस कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली व १९११ साली ती लातुरास पोहोचली. उत्तरेस मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड यांवरून सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १९०० च्या सुमारास तयार झाला. पूर्वेस १९३० च्या आगेमागे निजाम सरकारच्या रेल्वेने परळी वैजनाथ गाठले. नकाशावर या चार रेषा ओढून पाहाव्या, म्हणजे बीडच्या चारही बाजूंस रूळ पडले आणि मधले अंगण मात्र कोरडे राहिले, हे चटकन ध्यानी येते. परळी व घाटनांदूर ही जिल्ह्याच्या पूर्व कडेची ठाणी सोडली, तर बीडच्या माणसास आगगाडीचे दर्शन घेण्यासाठी नगर, जालना किंवा बार्शी गाठावी लागे.

असे का झाले? आमच्या मते याचे पहिले उत्तर सरहद्द हे होय. बीड हे निजामाच्या राज्याच्या पश्चिम कडेला होते आणि पलीकडे नगर जिल्हा इंग्रजांचा. निजामाचे रूळ हैदराबादेकडे तोंड करून धावत; इंग्रजांचे रूळ मुंबईकडे. अलीकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया. वाटेवर करोडगिरीचे नाके असत. दोन राज्यांच्या पाठी जेथे एकमेकींस टेकतात, तेथे लोहमार्ग घालण्याची उत्सुकता कोणास असावी? ज्या निजामशाहीची राजधानी नगर होती, तिच्याच अमलात सोळाव्या शतकात बीडही होते, हे मात्र या दोन शहरांमधून हिंडताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

असो. आता प्रवासाकडे वळू. बीड सोडल्यावर प्रथम नवगण राजुरी लागली. गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही भरावाच्या कडेच्या कच्च्या वाटेस लागलो. हा सारा बालाघाटचा मुलूख. पाऊस बेताचा, माळ मुरमाड. बाभळी, घायपात आणि मधूनमधून शाळूची हिरवी पट्टी. बैलगाडी चढ आला की सरळ चढते, आगगाडीस ते साधत नाही. म्हणून कोठे टेकडी कापून खिंड पाडली आहे, तर कोठे दरी बुजवून घरापेक्षा उंच भराव घातला आहे. मुलांनी काठीने जमिनीवर बार्शीची अडीच फुटी रेघ व तिच्याशेजारी या मार्गाची साडेपाच फुटी रेघ आखून पाहिली, तेव्हा दोहोंतील अंतर त्यांस पुस्तकावाचून कळले. रुळांवर पाऊल ठेवावयाचे नाही, हे त्यांस आधीच बजावले होते.

रायमोहा मागे टाकून विघनवाडीच्या पुढे गेलो, तो एका ओढ्याच्या वाळूत आमच्या गाडीची मागली चाके रुतली. जवळच्या शिवारातील एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली व मोबदला घेण्याचे साफ नाकारले. त्यांच्या बांधावर बसून आम्ही शिदोरी सोडली. त्यांची काही जमीन या मार्गात गेली होती. गावात बरीच घरे कुलूपबंद दिसली, त्याविषयी विचारता ते म्हणाले, “समदी ऊसतोडीला गेल्यात. रूळ दारातनं गेला खरा, पर कोयता घेऊन जाणारा माणूस अजून ट्रकातनंच जातो. संसार, जनावरं, लेकरं, ही आगगाडीत कशी घालायची?” या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हते. ज्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे पोटासाठी बाहेर पडतात, तेथे आगगाडी आली म्हणजे दैन्य गेले, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

अमळनेर, आष्टी अशी ठाणी घेत दुपार कलता आम्ही कड्यास आलो. आमचे मूळ गाव याच परिसरातील. येथून आत्याबाईंनी पुढील बाकावर बसण्याचा हट्ट धरला. १९४८ च्या उन्हाळ्यात त्या सहा वर्षांच्या होत्या. निजामाचे संस्थान हिंदुस्थानात सामील होण्यास तयार नव्हते आणि कासिम रझवीच्या रझाकारांची धामधूम खेडोपाडी पोहोचली होती. सरहद्दीवरील कितीतरी कुटुंबे त्या काळात रातोरात पलीकडे गेली. त्यांत आमचेही एक होते. आजोबांनी बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा सोडून ठेवल्या, चाकांच्या आखांस दुप्पट वंगण घातले आणि घराच्या किल्ल्या शेजारच्या मुसलमान कुटुंबाच्या हवाली करून गाडी जुंपली. “मला खोकला होता,” आत्याबाई सांगू लागल्या, “म्हणून आईने रात्रभर माझ्या तोंडावर पदर धरला होता. ‘कलदाराच्या मुलखात गेल्यावर मग पाहिजे तेवढं खोक,’ असं ती म्हणाली.”

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलिस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. आमची मंडळी दिवाळीच्या आत परतली. घर जसेच्या तसे होते व किल्ल्या शेजाऱ्यांनी स्वतः आणून दिल्या. त्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यातील निरपराध मुसलमान कुटुंबांसही फार सोसावे लागले, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. किल्ल्या आणून देणाऱ्या घरावर तेव्हा कोणती वेळ होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी विचारले की नाही, कोण जाणे. त्याची आज आम्हांस चुटपुट वाटते.

सोलापूरवाडी व लोणी ओलांडून आम्ही नगर तालुक्यातील नारायणडोहाच्या दिशेने थोडे गेलो. जुना नाका कोठे होता, ते आत्याबाईंस काही केल्या सापडेना. त्यांच्या स्मरणातील वडाचे झाड नाही, ओढ्याचा उतार नाही. सरहद्द दाखविणारे कसलेही चिन्ह आम्हांस आढळले नाही. भरावावरून रूळ मात्र सरळ पलीकडे गेले होते. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या व एवढेच म्हणाल्या, “हे बरं झालं. इथं कुणाला काही कळतच नाही.”

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्र झाला. सरहद्द गेली, तरी रूळ येण्यास आणखी बराच काळ लोटला. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गास १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३५३ कोटी रुपये होता; विलंबाने तो पुढे ४,८०० कोटींवर गेला, आणि अर्धा भार राज्य सरकारने उचलावा असे ठरले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत व १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी आली. नगरचे नाव मध्यंतरी अहिल्यानगर झाले होते. बीडच्या गाडीसाठी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधला, हे उचितच झाले. आम्ही हे लिहीत असता बीड-परळी हा टप्पा पुरा व्हावयाचा आहे. तो झाला म्हणजे चार बाजूंच्या त्या रेषा मधल्या अंगणातून जोडल्या जातील.

ज्ञातिबांधवांस आमची एक नम्र विनंती आहे. सरकारी दप्तरात मंजुरीच्या तारखा सापडतील, खर्चाचे आकडे सापडतील. परंतु बैलांच्या घुंगरमाळा कोणी व का सोडल्या, हे तेथे सापडावयाचे नाही. ते ज्यांस ठाऊक आहे अशी माणसे आपल्या घरांत आता मोजकीच उरली आहेत. सवडीचा एक दिवस काढून त्यांस सोबत घ्यावे, ज्या वाटेने ती आली त्या वाटेने हिंडवून आणावे, आणि ती जे सांगतील ते गावांच्या नावांसह वहीत उतरून ठेवावे. आमची वही त्याच रात्री परतताना, जीपगाडीच्या हेलकाव्यांत, आमच्या नातीने लिहिली. अक्षर वेडेवाकडे आहे, पण मजकूर आम्ही दुरुस्त केलेला नाही.