मालकमपेठेचा यजमान

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की मध्यमवर्गीय मराठी घरात सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कोणी केरळ म्हणतो, कोणी राजस्थान. ज्यांचे हात जरा सैल आहेत ते सिंगापूर-दुबईची भाषा बोलतात. बेत खूप होतात. पण रजा दोन दिवसांची आणि पैसा बेताचा निघाला, की गाडी निमूटपणे महाबळेश्वरला वळते. तिथे गेल्यावर काय करायचे हेही ठरलेले. टॅक्सीवाला 'पॉइंटां'ची यादी पुढे करतो. विल्सन, केट, आर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन. सूर्य उगवताना एक, मावळताना दुसरा, मधल्या वेळात मक्याचे कणीस, स्ट्रॉबेरी, वेण्णा तलावात होडी. दोन दिवसांत डोंगर पाहून होतो.

मी शाळामास्तर. मुलांच्या सहली घेऊन या डोंगरावर कितीदा गेलो त्याची गणती ठेवलेली नाही. मुलांची एक सवय मोठ्या माणसांत राहत नाही : ती पाटी वाचतात आणि विचारतात, "सर, हा आर्थर कोण?" आर्थर मॅलेट नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्या कड्यावर पहिले घर बांधले, म्हणून ती जागा त्याची बैठक झाली, एवढे उत्तर देता येते. तिथले वाटाडे त्याच्या बायकामुलांच्या बुडून मरण्याची करुण कथाही रंगवून सांगतात. केट ही गव्हर्नर माल्कमची मुलगी. विल्सन हा १९२३ ते १९२८ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. पण त्या जागा काही साहेब येण्याची वाट पाहत बिननावाच्या पडल्या नव्हत्या. विल्सन पॉइंट म्हणजे सिंदोळ्याची टेकडी, केट पॉइंट म्हणजे नाके खिंड. लॉडविक पॉइंटची तर आणखी गंमत आहे. आधी ते नाव सिडने बेकविथ या सेनापतीचे होते. हा बेकविथ १८३१ साली याच डोंगरावर वारला. पुढे लॉडविकच्या मुलाने १८७४ साली बापाच्या स्मरणार्थ तिथे खांब उभारला आणि सिडने जाऊन लॉडविक आला. साहेबाच्या जागी साहेब बसला. सिंदोळ्याला मात्र त्याची जागा कोणी परत दिली नाही.

या नावांचा राग मानण्याचे मला कारण दिसत नाही. नावे ठेवणारे गेले, आणि नावे आता आपल्याच तोंडी बसली आहेत. पण या यादीत एक माणूस नाही, आणि त्याच्यावाचून ही वस्ती झालीच नसती. माझे म्हणणे त्याच्याविषयी आहे.

आधी डोंगराविषयी दोन शब्द. साहेबाने महाबळेश्वर 'शोधून काढले' असे मार्गदर्शक पुस्तिकांत छापतात. ज्या गावी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम म्हणून माणसे शतकानुशतके पायी येत होती, गुरू कन्या राशीत आला की कन्यागताचा मेळा भरत होता, ते गाव शोधायचे ते काय? ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर, शिवाजी महाराजांनी आपल्या मातोश्रींची सुवर्णतुला केली ती इथेच. जावळीचे रान मोऱ्यांकडून घेतले १६५६ साली, प्रतापगड बांधला तो त्यानंतर, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफझलखान पडला. खानाचे सैन्य ज्या घाटाने उतरले त्याचे नाव रडतोंडी. चढणारा रडकुंडीला यावा असा तो घाट. इंग्रजांच्या कागदांत त्याचा 'रोटुंडा' झाला. गोल घुमटाच्या इमारतीला त्यांच्या भाषेत तो शब्द आहे. आमच्या घामाचा त्यांनी घुमट केला!

आता तो माणूस. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज. जन्म १७९३ चा. लहानपण पेशव्यांच्या नजरकैदेत गेले. १८१८ साली आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले, आणि कंपनी सरकारने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८१९ चा तह झाला. राज्य लहान, वर रेसिडेंट. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ, तोच मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक. १८२२ साली कारभार राजाच्या हाती आला, आणि मग या राजाने खरोखरच कारभार केला. हुकमी बाहुले म्हणून बसवलेला माणूस स्वतः दप्तर पाहू लागला.

१८२४ साली साताऱ्याच्या फौजेतला लॉडविक हा अधिकारी झाडी तोडत या पठाराच्या कड्यापर्यंत आला. साहेब लोकांत बोलबाला झाला, की उन्हाळ्यात इथे विलायतेसारखी हवा असते. नंतरचा रेसिडेंट ब्रिग्ज याने १८२६ साली तिथे एक बंगली बांधली. पण बंगली बांधून भागत नाही. तिथे आजारी मेमसाहेबाला, पेट्यांना, पलंगाला पोचवायला रस्ता हवा. साताऱ्यापासून गाडी जाईल असा चांगला रस्ता त्या रानातून काढला तो प्रतापसिंहांनी. ब्रिग्जने गळ घातली हे खरे. पण काम सातारच्या राजाने केले. आज आपण डोंगर चढताना वळणावर घाबरून डोळे मिटतो. त्या काळी, अडीचशे इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात, सुरुंग आणि पहारीच्या बळावर तो रस्ता काढताना किती हात लागले असतील याचा हिशेब डोळे उघडे ठेवून करावा.

पुढे १८२७ साली माल्कम गव्हर्नर झाला. त्याला आजारी गोऱ्या शिपायांसाठी जागा हवी होती आणि गव्हर्नरासाठी उन्हाळ्याची गादी. १८२९ साली त्याने प्रतापसिंहांशी करार केला. राजाने डोंगर द्यायचा, बदल्यात कंपनीने वाईकडचे खंडाळा गाव द्यायचे. नव्या वस्तीला नाव पडले माल्कम पेठ. आपल्या लोकांच्या जिभेने त्याची मालकमपेठ केली. ऐकणाऱ्याला वाटावे, 'मालक' शब्दावरूनच आली आहे. आणि अर्थाने ते चुकीचेही नव्हते.

राजाने डोंगर का दिला? कंपनीचा गव्हर्नर मागतो तेव्हा 'नाही' म्हणण्याची सोय किती असते, हा एक भाग. पण मला दुसरेही वाटते. प्रतापसिंहांचा या लोकांवर विश्वास होता. पेशव्यांच्या कैदेतून सोडवले ते यांनी, गादी दिली ती यांनी. शेजारी राहायला येतो म्हणतात, तर येऊ द्यावे. घरी आलेल्याला पाट मांडणाऱ्या माणसाच्या मनात जे असते तेच.

वस्ती वाढत गेली, आणि ती वाढवणाऱ्यांतही एक विसरलेली जात आहे. आज आपली मंडळी ज्या सिंगापूर-पिनांगला हौसेने जातात, त्या मुलखातून चिनी आणि मलायी कैदी इथे आणून ठेवले होते. १८३४ ते १८६४ असा तीस वर्षे त्यांचा तुरुंग इथे होता. त्यांनी रस्त्यांवर खपावे, बागांत राबावे. डोंगरावर बटाटा आणि विलायती भाज्या पिकवण्याचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते. हजारो कोस दूर, धो धो पावसात, परक्याच्या बागेला आळी करणारा चिनी माणूस! त्यांच्यातल्या एकाचेही नाव कोणत्या कड्याला नाही. आणि इथले धावड? लोखंडाचा दगड भट्टीत वितळवणारे हे लोक. त्यांच्या भट्ट्यांना कोळसा लागे, कोळशाला रान लागे. सरकारने रान राखायला घेतले, तशा भट्ट्या विझल्या. रानाच्या दृष्टीने ते बरेच झाले असेल. धावडाला कोणी विचारले नाही.

पण मी यजमानाची गोष्ट सांगत होतो. डोंगर देऊन दहा वर्षे झाली, आणि यजमानावरच आळ आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, कंपनीच्या पलटणीतले देशी अधिकारी फितवण्याचा प्रयत्न, असे तीन आरोप. मुंबईचा गव्हर्नर कारनॅक १८३९ साली स्वतः साताऱ्याला आला. त्याने सोपी वाट दाखवली : अपराध कबूल केल्यासारख्या कागदावर सही करा, गादी राहील.

प्रतापसिंहांनी सही केली नाही.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून माझे मन या जागी पुन्हा पुन्हा थबकते. समोर कागद, दौत भरलेली, बाहेर पलटण उभी. सही केली तर वाडा, हत्ती, दसऱ्याची मिरवणूक सारे कायम. बहुतेक माणसे सही करतात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण याहून क्षुल्लक कागदांवर सह्या करतो. या राजाला रस्ता देणे जमले, डोंगर देणे जमले, न केलेला गुन्हा आपला म्हणणे जमले नाही. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांना पदच्युत केले. वाड्यातून काढून जवळच्या लिंब गावी नेले, तिथून पुढे काशीला. धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. ज्या सरकारसाठी राजाने डोंगरावर चढण्याचा रस्ता केला, त्या सरकारने राजाला साताऱ्याबाहेर जाण्याचा रस्ता दाखवला.

याच प्रकरणातून मराठी माणसाचा एक विलक्षण परदेश-प्रवास घडला. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते धन्याची फिर्याद घेऊन लंडनला गेले. आज विलायतेची सहल आठ दिवसांची असते. रंगो बापूजी १८४० च्या सुमारास गेले ते १८५३ च्या अखेरीस परतले. तेराएक वर्षे. त्या गारठ्यात ते अर्ज लिहीत, कंपनीच्या भागीदारांच्या सभांची दारे ठोठावीत राहिले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्प्सन असे काही इंग्रज त्यांच्या बाजूने भांडलेही. सगळे इंग्रज एका माळेचे मणी नव्हते, हेही मुलांना सांगावे लागते. परंतु तिकडे वाद चालू असतानाच इकडे १८४७ साली प्रतापसिंह काशीला वारले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले. ज्याची फिर्याद, तो नाही. ज्या गादीसाठी, तीही नाही. तरी हा माणूस आणखी पाच वर्षे तिथेच! लंडनमध्ये त्यांनी काय पाहिले असेल? मला वाटते, दारे पाहिली. बंद दारांचे इतके वर्णन करू शकणारा दुसरा प्रवासी आपल्याकडे झाला नसेल.

आप्पासाहेबांची एक खूण मात्र महाबळेश्वरावर आहे, आणि ती सर्वांना ठाऊक आहे. वेण्णा तलाव त्यांनी १८४२ साली बांधवला. होडीचे तिकीट काढताना तेवढे आठवावे.

तेव्हा यंदा जाल, तर माझी एक सूचना. पॉइंट पाहा, नाही कोण म्हणतो? कडे सुंदरच आहेत, आणि आर्थरच्या बैठकीवरून दिसणारे सावित्रीचे खोरे कोणाच्याही नावाने पाहिले तरी छाती दडपून टाकते. पण सहल वाईकडून चढून वाईकडे उतरण्याऐवजी साताऱ्यापासून सुरू करा. मेढा, केळघर असे वर या. पहिला मुक्काम बाजारात टाकला, तरी पहिली फेरी क्षेत्र महाबळेश्वरी करा. पंचगंगेच्या गोमुखाखाली हात धरा. पाय धड असतील तर दुसऱ्या दिवशी वाटाड्या घेऊन रडतोंडीने खाली पारला उतरा. तिथे रामवरदायिनीचे देऊळ आहे, आणि कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. त्यावर बसून शिदोरी सोडावी, मग प्रतापगड. यात सूर्यास्ताचा एखादा पॉइंट बुडेल. बुडू द्या, सूर्य प्रतापगडावरूनही मावळतो.

आणि परतीला साताऱ्यात दोन तास ठेवा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर 'चार भिंती' म्हणून जागा आहे. १८३० साली प्रतापसिंहांनी ती बांधवली. राजघराण्यातल्या स्त्रियांना तिथून दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून. राजाचा स्वतःचा पॉइंट म्हणा हवे तर. आता तिथे १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. लंडनहून हात हलवीत परतलेल्या रंगो बापूजींनी पुढे अर्ज लिहिणे सोडले आणि माणसे जमवू लागले. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारले. कोणाला फासावर, कोणाला गोळ्यांनी, कोणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले. सरकारने पुष्कळ शोध केला, पण ते पुन्हा कोणाला सापडले नाहीत.